नाव पुसल्यावर उरणारी ओळख

१९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याच्या नोंदी संशोधनासाठी खुल्या झाल्या. नावं आणि पत्ते काढून टाकलेले असल्यामुळे कुणाचंही गुपित फुटणार नाही, अशी ग्वाही गव्हर्नर विल्यम वेल्ड यांनी दिली. एमआयटीत संगणकशास्त्राचं संशोधन करणाऱ्या लटान्या स्वीनी यांनी वीस डॉलर मोजून वेल्ड राहत होते त्या केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली. जन्मतारीख, लिंग आणि टपालाचा झिप कोड हे तीन रकाने दोन्हीकडे होते. वेल्ड यांच्याच जन्मतारखेचे मतदार निघाले सहा. त्यांतले पुरुष तीन. त्या झिप कोडमध्ये राहणारा एकच, खुद्द गव्हर्नर. त्यांची निदानं, त्यांची औषधं, सगळं हाती आलं.

यात कुठलंही कुलूप फुटलं नव्हतं. यादी रीतसर विकत घेतलेली, नोंदी रीतसर मिळालेल्या. सुरक्षेचे सगळे नियम पाळूनही गोपनीयता गेली, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. चोराला अडवण्याचं शास्त्र जुनं आहे. पण जे आपण स्वतःहून देतो त्यातून समोरचा काय ताडेल, हे मांडायचं तर आधी समोरच्याचं चित्र रेखाटावं लागतं: तो कोण, त्याला काय हवंय आणि त्याला आधीच काय ठाऊक आहे? सगळी मेख या शेवटच्या प्रश्नात आहे.

स्वीनी आणि पिएरांजेला समाराती यांनी सुचवलेल्या ‘के-अनॉनिमिटी’त प्रत्येक नोंद निदान ठरावीक संख्येच्या इतर नोंदींसारखी दिसली पाहिजे, अशी अट होती. अट चांगली, पण सारख्या दिसणाऱ्या त्या सगळ्यांना एकच आजार असेल तर? मग नाव शोधायची गरजच उरत नाही. कॉर्नेलमध्ये पीएचडी करणारे अश्विन मचनवज्झला आणि त्यांचे सहकारी यांनी २००६ मध्ये नेमकं हेच दाखवलं. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने सुमारे पाच लाख ग्राहकांनी चित्रपटांना दिलेले दहा कोटी गुण निनावी करून जाहीर केले. टेक्सासमधले पीएचडीचे विद्यार्थी अरविंद नारायणन आणि त्यांचे मार्गदर्शक विताली श्मातिकोव्ह यांनी आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळावरच्या उघड अभिप्रायांशी ते ताडून त्यांतली काही माणसं ओळखली. चित्रपटांची आवडही ओळखपत्र ठरू शकते, हे तोवर फारसं कुणी धोक्यात धरलं नव्हतं.

सिंथिया ड्वर्क आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्येच मांडलेली ‘डिफरन्शियल प्रायव्हसी’ समोरच्याला काय ठाऊक असेल याचा अंदाज बांधायचाच सोडून देते. समोरच्याला काहीही ठाऊक असो; तुमची नोंद असली काय नि नसली काय, उत्तरात जवळजवळ फरक पडणार नाही, इतका मोजूनमापून गोंधळ त्यात मिसळायचा. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत हीच पद्धत वापरली गेली. तिची किंमत छोट्या वस्त्या मोजतात, कारण त्यांचे आकडे जास्त डळमळतात. तरी मला ही पद्धत अधिक प्रामाणिक वाटते. किती गोपनीयतेसाठी किती अचूकता सोडली, ते तिथे आकड्यात सांगावं लागतं आणि त्यावर भांडता येतं.

आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठीच्या कायद्याच्या न्या. श्रीकृष्ण समितीने केलेल्या २०१८ च्या मसुद्यात निनावी केलेल्या माहितीतून परवानगीशिवाय माणूस ओळखणं हा गुन्हा ठरवला होता. २०२३ मध्ये प्रत्यक्ष झालेल्या कायद्यात ती तरतूद आली नाही. ती पुन्हा कधी आणायची झाली, तर धोका दाखवून देणाऱ्या संशोधकाला तिच्या कचाट्यातून स्पष्ट शब्दांत वगळायला हवं. स्वीनींसारखं काम करणाऱ्या विद्यार्थ्याला तुरुंगाची धास्ती वाटली, तर ग्वाही पोकळ आहे हे उघड कोण करणार? म्हणून माझी मागणी साधी आहे: रुग्णालयाच्या असोत की शाळेच्या, कुठल्याही सरकारी नोंदी खुल्या करण्यापूर्वी त्या आपल्या विद्यापीठांतल्या संशोधक विद्यार्थ्यांच्या हाती द्या, आणि त्यांतून माणसं ओळखून दाखवा असं आव्हान त्यांना द्या.