अंगण वाकडं नाही, राजा

काय म्हणालास? सातारा-सांगलीकडे गोल्फ खेळण्यासारखं काही नाही? कुणाला विचारलंस? एक फोन केलास? की गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर अंगठा फिरवलास, नकाशावर हिरवा ठिपका दिसला नाही, आणि लागला निकाल? दर दिवाळीला साताऱ्याला घरी जातोस, भाऊबीज उरकली की सांगलीला सासुरवाडीला. मे महिन्यात पुन्हा तेच. क्लबांची बॅग डिकीत टाकून नेतोस आणि जशीच्या तशी परत आणतोस. चेनसुद्धा उघडत नाहीस. मग पुण्यात येऊन पुढचे दोन आठवडे चेंडू उजवीकडे पळतो म्हणून माझं डोकं खातोस.

तुला अक्कल नसती तर मी एक शब्द बोललो नसतो. तुला सगळं येतं, म्हणून तर संताप होतो. थायलंडला जायचं ठरलं तेव्हा काय केलंस, आठव. हुआ हिनमधले सगळे कोर्स तुला तोंडपाठ. कुठे कॅडी सक्तीची, कुठे दुपारनंतर ग्रीन फी उतरते, कुठे वारा समोरून येतो. रॉयल हुआ हिन 1924 चा, त्या देशातला सगळ्यात जुना, हे तूच मला ऐकवलंस. आता सांग, महाबळेश्वरचा क्लब कधीचा? गप्प का? 1881 चा. तुझ्याच जिल्ह्यातला. मुंबईचं सरकार उन्हाळ्यात वर मुक्कामाला यायचं, साहेबांच्या मागोमाग त्यांचे खेळही घाट चढले, त्यात गोल्फही आलं. साताऱ्याहून मेढ्याच्या रस्त्याने निघालास तर चहा थांबून प्यालास तरी दोन तासांत पोचशील. आज तिथे काय खेळता येतं, पाहुण्याला कसं घेतात, सदस्याची ओळख लागते का, हे विचारायला तुला कोणी अडवलं होतं? लहानपणापासून तिथे स्ट्रॉबेरी खायला जातोस. क्लबच्या फाटकाशी गाडी थांबवून एक प्रश्न विचारायला जीभ जड होते?

आणि बेळगाव? 2022 च्या ऑगस्टमध्ये बेळगावात बिबट्या शिरला. गोल्फ कोर्सच्या झाडीत दडून बसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, शोधायला हत्ती आणले. ती बातमी तू मला पाठवलीस. वर हसण्याची चित्रं जोडलीस. पण त्या बातमीत 'गोल्फ कोर्स' हे दोन शब्द होते, ते तुझ्या डोळ्यांना दिसले नाहीत? बिबट्याला सापडला तो कोर्स तुला सापडत नाही? सांगलीहून गाडीने अडीच-तीन तास. मिरजेहून थेट रेल्वे. पहाटे निघालास तर खेळून रात्रीच्या जेवणाला सासऱ्यांच्या पंगतीला परत. पण नाही. नाश्त्याला पोहे, मग दुसरा चहा, मग दुपारची झोप, मग "आता कुठे जायचं एवढ्या लांब". पुण्यात रविवारी येरवड्याला साडेपाचला हजर राहणारा माणूस सांगलीत नऊपर्यंत अंथरुणात कसा काय लोळतो?

तुझी दुसरी सबब मला ठाऊक आहे. "सर, तिकडे ओळख नाही." ओळख घरी चालत येते का? आपल्या क्लबच्या सेक्रेटरीकडे जायचं, परिचयपत्र मागायचं. कोणत्या क्लबशी आपला परस्पर प्रवेशाचा करार आहे, ती यादी बघायची. हँडिकॅपचं कार्ड सोबत ठेवायचं. जिथे लष्कराचा संबंध असेल तिथे परवानगी आधी काढायची, आणि ती दारात उभं राहून मिळत नाही. सोमवारी बरेच क्लब देखभालीसाठी कोर्स बंद ठेवतात, तेव्हा वार बघून निघायचं. सह्याद्रीच्या माथ्यावर जून ते सप्टेंबर धुवाधार पाऊस, तेव्हा तिथला बेत आखायचा नाही. यातलं तुला नवं काय आहे? काहीच नाही. हे सगळं तू हुआ हिनसाठी केलंस. गावासाठी करायचं म्हटलं की अंगावर येतं. परदेशात पाहुणा म्हणून वागतोस आणि स्वतःच्या मुलखात जावई म्हणून. सगळं पाटावर वाढून हवं.

तिसरी सबब सगळ्यात वाईट. "दर्जा नाही, सर." दर्जा! मागे एका लहान कोर्सवर गेलास, पहिल्या ग्रीनपाशी पोचलास आणि तोंड वाकडं केलंस. कारण काय, तर गवत नव्हतं. तेल मिसळलेली वाळू होती. अरे, त्याला ब्राऊन म्हणतात. पाण्याची ओरड असलेल्या मुलखात वर्षभर हिरवळ राखणं परवडत नाही, म्हणून माणसांनी ही तोड काढली. आणि ब्राऊनवर खेळणं सोपं असतं असं तुला वाटतं? चेंडू थेट होलजवळ टाकून बघ. कडक वाळूवर टप्पा पडतो आणि चेंडू पलीकडे निघून जातो. तो अलीकडे टाकावा लागतो, एक टप्पा खाऊ द्यावा लागतो, मग तो सरपटत वर येतो. किती अलीकडे, हे पायाखालच्या जमिनीला विचारावं लागतं. काल पाऊस पडून गेला असेल तर उत्तर वेगळं. पटिंगच्या आधी कॅडी चेंडूपासून होलपर्यंतची वाळू ओढून सारखी करतो. वाट साफ, चढउतार बेताचा. म्हणजे पट चुकला तर खापर फोडायला गवताचं पातं नाही, खड्डा नाही. फक्त तुझं मनगट. म्हणूनच तोंड वाकडं झालं ना? त्या दिवशी तू तीन होल खेळून परत फिरलास. सोबतचा कॅडी पोरगा बॅग खाली ठेवून तुझ्याकडे बघत राहिला. त्याला काय वाटलं असेल, याचा विचार केलास?

आता ज्याबद्दल मी खरोखर चिडलो आहे ते. पाचगणीच्या टेबललँडवर उभं राहून दरीत चेंडू मारलास. त्याचा व्हिडिओ काढलास. चारचौघांत दाखवलास. लाज वाटली नाही? नियमातला चेंडू जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा. तुझ्यासारख्याने ड्रायव्हरने हाणला की ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात सुटतो. खाली काय आहे? वस्ती आहे, वाटा आहेत, गुरं आहेत, गुरांमागे म्हातारी माणसं आहेत. कुणाच्या टाळक्यात बसला असता तर? गोल्फचा पहिला धडा कोणता दिला होता मी तुला? पुढे माणूस नाही याची खात्री झाल्याशिवाय क्लब मागे न्यायचा नाही. आणि हे केल्यावर कासच्या पठाराकडे बघून "काय फेअरवे होईल इथे" म्हणालास. ते पठार 2012 पासून जागतिक वारशात आहे. ज्या फुलांसाठी जग तिथे येतं ती बोटभर मातीवर उगवतात. तिथे चेंडू काढायचा विचारसुद्धा करायचा नाही. खेळायला मिळत नाही म्हणून हे केलं असं मला सांगू नकोस. जो फोन करण्याचा आळस करतो तोच असले चाळे करतो.

बरं. सांगली शहरात अठरा होलचा कोर्स नाही. मान्य. मग? खेळ थांबला? पार 72 च्या कोर्सचा हिशेब मांड. प्रत्येक ग्रीनवर दोन पट धरलेले असतात. अठरा दुणे छत्तीस. म्हणजे खेळाचा निम्मा भाग पटिंग आहे, आणि पटिंगला सासऱ्यांच्या ओसरीवरचं जाजम पुरतं. केलंस कधी? ऊस तुटून गेला की रान मोकळं असतं. सासऱ्यांना विचारून, प्लॅस्टिकचे हलके चेंडू घेऊन, पंधरा पावलांवर एक पाटी ठेवून त्यात चिप टाकायला काय लागतं? सेव्ह बायेस्तेरोस लहानपणी स्पेनमधल्या पेद्रेन्याच्या किनाऱ्यावर वाळूत खेळला. हातात एकच क्लब, तीन नंबरची आयर्न. त्याने पुढे तीनदा ब्रिटिश ओपन जिंकली. तुझ्या बॅगेत चौदा क्लब आहेत, नियमाने नेता येतात तेवढे सगळे.

स्पेन लांब वाटतं? साताऱ्यातच थांब. 2023 च्या ऑगस्टमध्ये बर्लिनला तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. कंपाउंड प्रकारात महिलांमध्ये सुवर्ण कुणाला? अदिती स्वामीला. वय 17, साताऱ्याची पोर, साताऱ्यातच शिकलेली. त्याच स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण ओजस देवतळेने घेतलं. तो नागपूरचा. शिकायला कुठे आला? साताऱ्याला. शेतातल्या अकादमीत. नागपूरचा पोरगा जगज्जेता व्हायला तुझ्या गावी येऊन राहतो, आणि तू तिथेच जन्मून "काही नाही" म्हणतोस. हे वाक्य त्या दोघांसमोर म्हणशील?

आता कोर्स कसे जातात ते बघ. नाशिकला गेलास की हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावरून जातोस. लोक त्याला काय म्हणतात? गोल्फ क्लब मैदान. रिक्षावाल्याला तेच नाव सांगावं लागतं. आज तिथे क्रिकेट चालतं, रणजीचे सामने होतात. चांगलं आहे. पण गोल्फ नावापुरतं उरलं. लहान गावांतले कोर्स असेच जातात. माळी कमी होतो, मग दोन होल बंद पडतात, मग कॅडीची पोरं दुसरं काम शोधतात, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतं, इथे खेळतं कोण? तेव्हा उत्तर द्यायला तू तिथे हवास. पाहुण्याची ग्रीन फी तुला किरकोळ वाटते. तिथल्या माळ्याच्या पगारात ती मोजली जाते. तुझ्यासारखे चार जण दिवाळीत आणि मेमध्ये जायला लागले तर त्या कॅडी पोराच्या हातात सणाचे चार पैसे पडतील, आणि कदाचित एखादा जुना क्लब वापरून बघायलाही मिळेल. अली शेर दिल्लीत कॅडी होता. 1991 मध्ये तो इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय ठरला. अशी माणसं कोर्सवरच घडतात, आणि खेळणारेच आले नाहीत तर कोर्स टिकणार कसा?

माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहू नकोस. त्याने मला काही मिळत नाही. उद्या सकाळी सेक्रेटरीकडे जा आणि पत्र घे. महाबळेश्वरला आणि बेळगावला दोन्हीकडे फोन कर. फोन उचलला नाही तर पुन्हा कर. दिवस, वेळ, फी, पोशाख, कॅडी, सगळं कागदावर लिही. तो व्हिडिओ मोबाइलमधून काढून टाक, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मेमध्ये सांगलीला जाशील तेव्हा पटर डिकीत ठेवायचा नाही, घरात न्यायचा. रोज रात्री जेवणाआधी सहा फुटांवरून शंभर पट. परत आलास की मी ग्रीनवर उभा राहून मोजणार आहे. कार्डावर स्कोअर आणि मार्करची सही हवी. नऊ होलचं असलं तरी चालेल.