अभ्यासाच्या नांवाखालीं

नीतीचे प्रश्न नेहमीं मोठ्या प्रसंगींच उभे राहतात असें नाहीं. राज्य सोडावें कीं राखावें, वचन पाळावें कीं प्राण वांचवावा, असे पेंच पुराणांतील राजांच्या वांट्यास येत. आपणां मध्यम स्थितींतील गृहस्थांचे पेंच बहुधा दुकानाच्या दारांत पडतात. शाळेंत जाणाऱ्या मुलास लॅपटॉप घ्यावा कीं नाहीं, घ्यावा तर केवढ्याचा, आणि त्यावर त्यास खेळूं द्यावें कीं नाहीं, हा त्यांपैकींच एक होय. वरवर पाहतां हा निव्वळ व्यवहाराचा प्रश्न दिसतो; परंतु किंचित् खोल गेल्यास त्यांत सत्य, विश्वास आणि उपकार ह्या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आढळतात. म्हणून त्याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीं पाटी वेगळी आणि विटीदांडू वेगळा असे. मुलाच्या हातांत काय आहे एवढें पाहिलें, कीं तें काय करीत आहे हें आईस स्वयंपाकघरांतूनहि कळे. लॅपटॉपानें हा भेद पुसून टाकला आहे. तीच पाटी, तेंच ग्रंथालय आणि तेंच पटांगण! पाठमोरें बसलेलें मूल बीजगणित सोडवीत आहे कीं एकाद्या काल्पनिक नगरींत घरें बांधीत आहे, हें त्याच्या पाठीवरून ओळखतां येत नाहीं. ज्या साधनाचा स्वभावच असा दुहेरी, तें मागतांना आणि देतांना मनुष्याच्या बोलण्यांतहि दुहेरीपणा शिरावा, यांत नवल नाहीं.

काशीगांवाचेंच उदाहरण घेऊं. ठाणें जिल्ह्यांतील हें गांव आज मीरा-भाईंदर शहराचा भाग आहे. त्या शहरास १९८५ सालीं नगरपरिषद मिळाली, २००२ सालीं महानगरपालिका. आणि २०११ च्या जनगणनेंत तेथील लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. शेतांच्या जागीं उंच इमारती उठल्या, आणि त्यांत मुंबईस नोकरीला जाणारीं, घराच्या कर्जाचे हप्ते फेडणारीं कुटुंबें राहूं लागलीं. अशा घरांत जेवणाचें टेबल हेंच अभ्यासाचें टेबल असतें, आणि पस्तीस-चाळीस हजारांची वस्तु घेणें म्हणजे वर्षाच्या दुसऱ्या एकाद्या बेतावर पाणी सोडणें असतें. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत संगणक असलेलीं कुटुंबें देशांत शेंकडा १०.७ आणि शहरांतसुद्धां शेंकडा २३.४ एवढींच आढळलीं होतीं. पुढें २०२० सालीं शाळा बंद पडल्या आणि वर्ग पडद्यावर भरूं लागले, तेव्हां जें साधन चैनीचें मानिलें जात होतें, तें एकाएकीं गरजेचें ठरलें. तेव्हांपासून मुलाची मागणी नाकारणें बापास जड जाऊं लागलें.

आतां बाजारांत काय मिळतें तें पाहूं. अगदीं स्वस्तांतलें यंत्र म्हणजे २०२३ सालीं १६,४९९ रुपयांस निघालेल्या जिओबुकासारखें. चार जीबी रॅमच्या ह्या यंत्रावर वाचन, लेखन आणि व्याख्यानें ऐकणें एवढें भागतें. त्यावरची पायरी पस्तीस-चाळीस हजारांच्या आसपासची. आठ जीबी रॅम, एसएसडी, आणि प्रोसेसरांतच अंतर्भूत असलेलें ग्राफिक्स, एवढ्यावर शाळेचे प्रकल्प, तक्ते, प्रोग्रॅमिंगचे पहिले धडे हें सारें नीट होतें. आणि माइनक्राफ्टासारखा खेळहि, चित्रांची शोभा थोडी कमी ठेविल्यास, सुखानें चालतो. जड खेळांस मात्र स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड लागतें, आणि तें असलें कीं किंमत बरीच वर चढते. शाळेच्या सामान्य कामास ह्या कार्डाची गरज नसते. ही गोष्ट मुलास पक्की ठाऊक असते. बापास बहुधा नसते.

येथेंच पहिलें असत्य जन्मास येतें. “बाबा, प्रोजेक्टला ग्राफिक्स कार्ड लागतं,” असें मुलगा म्हणतो. बापाचें असत्य त्याहून सूक्ष्म असतें. “घेतों, पण ह्यावर फक्त अभ्यास करायचा,” असें तो म्हणतो. आणि तसें होणार नाहीं, हें त्यास मनांतून कळत असतें. एवढा खर्च खेळण्यासाठीं केला असें स्वतःशीं कबूल करण्याचें धैर्य नसल्यामुळें तो अभ्यासाचें नांव पुढें करतो. अशा रीतीनें दोघांनीं मिळून एका खोट्या करारावर सही केलेली असते, आणि पुढील तीन-चार वर्षें घरांतील कटकटी त्याच करारांतून निघतात.

ह्या यंत्रानें अभ्यास होतो तरी किती? शंभर डॉलरांत प्रत्येक मुलास लॅपटॉप, ही निकोलस निग्रोपाँटी यांची कल्पना २००५ सालीं जगापुढें आली. त्या योजनेचा भारतांतील आरंभीचा प्रयोग आपल्याच रायगड जिल्ह्यांत, कर्जतजवळच्या खैरात येथील लहानशा शाळेंत, २००७ सालीं झाला. पेरू देशानें तर ही योजना फार मोठ्या प्रमाणावर राबविली. तेथील ३१९ शाळांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१२ सालीं प्रसिद्ध झाले, त्यांत गणित व भाषा ह्या विषयांत कांहीं प्रगति दिसली नाहीं. सामान्य तर्कशक्तींत मात्र थोडीशी वाढ आढळली. तात्पर्य, यंत्र हें शिक्षकाची अथवा संवयीची जागा घेत नाहीं. तेव्हां अभ्यासाचा जो मोठा आधार आपण ह्या खरेदीस देतों, तो वाटतो तितका भक्कम नाहीं.

मग खेळासाठीं यंत्र घेणें हें पाप आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. डच पंडित हायझिंगा यानें १९३८ सालच्या ‘होमो लुडेन्स’ ह्या ग्रंथांत संस्कृतीचा उगम खेळांत शोधिला आहे. आणि स्वेच्छा व स्थलकालाची मर्यादा हीं खेळाचीं लक्षणें सांगितलीं आहेत. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनीं डेक्कन कॉलेजांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यास वाहिलें, हें सर्वश्रुत आहे. तालीम आणि पडद्यावरचा खेळ एका मोलाचे नव्हेत, हें आम्हीहि मानतों. परंतु येथें पाहण्यासारखी गोष्ट ही, कीं टिळकांच्या त्या वर्षांत लपवाछपवी नव्हती. व्यायाम हा व्यायाम म्हणूनच चालला होता. म्हणूनच तो पुरा झाल्यावर अभ्यासास अभ्यास म्हणून लागतां आलें.

चोरून खेळलेल्या खेळाची गोष्ट निराळी. जो खेळ उघडपणें सुरू झालेला नाहीं, तो उघडपणें संपवितां येत नाहीं. आईची चाहूल लागतांच पडदा बदलावयाचा, ती वळतांच पुन्हां बदलावयाचा. ह्यांत खेळाचा आनंद अर्धा आणि अभ्यासाची एकाग्रता शून्य. मुलगा चार तास ‘अभ्यासास’ बसतो, आणि उठतो तेव्हां तो धड खेळलेला नसतो, धड शिकलेलाहि नसतो. खेळानें त्याचें जेवढें नुकसान झालें, त्याहून अधिक खेळ लपविण्यानें झालें, असें आमचें म्हणणें आहे.

यावर कोणी म्हणेल, “उघड परवानगी दिली तर मुलगा दिवसरात्र खेळेल, आजचे खेळ विटीदांडूसारखे अंधार पडतांच संपणारे नाहींत.” हा आक्षेप खरा आहे. पुष्कळ खेळ मुद्दाम असे रचलेले असतात, कीं त्यांना शेवटच नसावा. आणि पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाईन खेळांना तर सरकारास २०२५ सालीं कायद्यानें बंदी करावी लागली. परंतु मर्यादा घालावयाची, तर वस्तूचें नांव प्रथम उच्चारावें लागतें. जी गोष्ट घरांत घडतच नाहीं असें आपण धरून चालतों, तिला वेळ कशी नेमून देणार?

सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव येथें २०२२ सालीं एक नियम झाला. रोज सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजतो, आणि साडेआठपर्यंत घरोघरचे टीव्ही व मोबाईल बंद राहतात. ह्या नियमाचें वर्म आम्हांस दीड तासांत दिसत नाहीं. तें दोन गोष्टींत दिसतें. एक, नियम उघड आहे. आणि दुसरी, तो वडीलधाऱ्यांसहि लागू आहे. काशीगांवच्या उंच इमारतींत भोंगा वाजणार नाहीं; पण जेवणाच्या टेबलाशीं एवढा नियम करण्यास ग्रामसभा लागत नाहीं. ज्या घरांत वडील स्वतः हातांत मोबाईल धरून मुलास “लॅपटॉप बंद कर” म्हणतात, तेथें त्यांच्या शब्दास वजन राहील कसें?

आणखी एक गोष्ट सांगणें अवश्य आहे. मुलास गुण कमी पडले, कीं “पोटाला चिमटा घेऊन लॅपटॉप दिला, त्याचें हें फळ!” हें वाक्य ऐकूं येतें. त्यांतील दुःख खरें आहे. तें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. परंतु ह्या वाक्यानें देणगीचें कर्ज होतें. देणाऱ्याच्या हिशेबाच्या वहींतून जी निघून जाते ती देणगी. परीक्षेगणिक जिचें व्याज मागितलें जातें तें ऋण. ऋणको सावकारापासून जें करतो तेंच मग मुलगा बापापासून करूं लागतो. तो तोंड चुकवितो आणि खरें लपवितो.

म्हणून आमची सूचना अशी, कीं खरेदीपूर्वींच सर्वांनीं एकत्र बसावें. “एवढा पैसा आहे. ह्यांत शाळेचें सर्व काम होईल आणि हलके खेळ होतील; जड खेळांसाठीं अधिक पैसा नाहीं,” असें बापानें स्पष्ट सांगावें. घरांत बहीणभाऊ दोघें असल्यास यंत्र दोघांचें, आणि अभ्यासाचे तसेच खेळाचे तासहि दोघांचे, हें तेव्हांच ठरावें. आणि यंत्राची निवड मुलावर सोंपवावी. ह्या विषयांत घरांतला जाणता तोच आहे, आणि जाणत्याचा धर्म त्यास कळावा, याहून चांगली संधि कोणती? आजाऱ्याच्या अज्ञानाचा फायदा वैद्यानें घेऊं नये, तसा बापाच्या अज्ञानाचा त्यानें घेऊं नये. ग्रांट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर जुना लॅपटॉप स्वस्तांत मिळत असतां, “बाबा, विंडोज १० ची नेहमींची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहे, ह्या यंत्रावर पुढची आवृत्ति चालते कीं नाहीं तें आधीं पाहूं,” असें जो मुलगा सांगतो, त्यानें त्या दिवशीं पुस्तकांत नसलेला एक धडा पुरा केला असें समजावें.

यंत्र चार-पांच वर्षांत जुनें होऊन मोडीत निघेल. तें घेतांना आईबापांनीं मुलाशीं आणि मुलानें आईबापांशीं खरें बोलण्याची जी रीत पडेल, किंवा पडणार नाहीं, ती मात्र त्या घरांत त्यानंतरहि राहील. दुकानाची पायरी चढण्यापूर्वीं किंमतीबरोबर ह्याचाहि विचार व्हावा, एवढेंच आमचें मागणें आहे.