पाखरांचा आनंद व शेजाऱ्याची जागल

गावाच्या कडेस घर करून राहणाऱ्या कुटुंबाने ऋतुमानाप्रमाणे येणारे पशुपक्षी पाहून आनंद करावा, हा आनंद निर्दोष आहे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु ज्या सुखास आपल्या पदरचा पैसा लागत नाही त्या सुखाची किंमत कोणीच देत नसतो, असे गृहीत धरणे बरोबर नव्हे. म्हणून आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहो.

अंजनगाव सुर्जीचेच उदाहरण घेऊ. शहानूर नदीकाठच्या ह्या गावाभोवती पानमळे, केळीच्या बागा व पानपिंपळीची लागवड आहे, आणि उत्तरेस गाविलगडचे डोंगर आहेत. फाल्गुनात पळस फुलला म्हणजे साळुंक्या व सूर्यपक्षी मधासाठी त्याजवर जमतात. पावसाच्या तोंडी आफ्रिकेहून समुद्र ओलांडून आलेला चातक ओरडू लागतो. पुढे मध्य आशियातून गुलाबी भोरड्यांचे थवे येतात, व सायंकाळी आभाळात काळी चादर हालावी तसे दिसते. तेव्हा आई हातचे काम ठेवून अंगणात येते, बाप लहानग्यास खांद्यावर घेतो, आणि घटकाभर घरातील कोणासही कशाची उणीव भासत नाही.

कित्येक म्हणतील, हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे. आम्हांस तसे वाटत नाही. जो मुलगा भोरडीस निरखून पाहतो त्यास कळते की, ती ज्वारीचे दाणे खाते, तसेच टोळ व अळ्याही खाते. ज्याने पाहिलेच नाही, तो तिला एक तर चोर म्हणतो किंवा नुसती शोभेची वस्तू समजतो. नीट पाहणे हे न्यायाचे पहिले पाऊल होय, आणि ते मुलांस घरीच शिकविता येते.

दुसरा आक्षेप मात्र अधिक खोल आहे. थव्याचे कौतुक अंगणातील मनुष्य करितो, पण दाणा जातो तो शेतकऱ्याचा. रोह्यांचा कळप पाहून मुले टाळ्या पिटतात, परंतु त्याच कळपापायी कोणी पौषाच्या थंडीत हरभऱ्याच्या शेतात जागल करीत बसलेला असतो. सन १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. पुढे त्या रानातील बोरी, कोहा व कुंड येथील लोकांनी आपली घरे सोडून डोंगराखाली अकोटकडे नवी वस्ती केली. रान राखले गेले हे चांगलेच झाले. पण ते फुकट राखले गेले नाही.

मग आनंद सोडून द्यावा काय? येथे रानपिंगळ्याची हकीकत विचार करण्याजोगी आहे. सन १८८४ नंतर हे लहानसे घुबड ११३ वर्षे कोणा अभ्यासकास आढळले नाही, व ते नष्ट झाले असे पुष्कळांनी मानिले. सन १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ सातपुड्यात पुन्हा दिसले, आणि पुढे मेळघाटातही आढळले. इतकी वर्षे ते कोणाच्या स्तुतीवाचून जगत होते. ह्यावरून उघड होते की, पाखरू आपल्या करमणुकीकरिता जगत नाही, व आपल्या कौतुकाने त्याचे पोटही भरत नाही. तसेच त्या कौतुकाने शेजाऱ्याचे नुकसानही भरून निघत नाही. म्हणजे आनंद हा मोबदला नव्हे. तो आपण घेतलेला लाभ आहे, आणि लाभाबरोबर देणेही आले.

हे देणे दुहेरी आहे. पाखराचे देणे असे की, मुलाच्या हातातून गलोल घ्यावी, वैशाखात सावलीत पाण्याचे पसरट भांडे ठेवावे, घरट्याचे झाड तोडू नये. शेजाऱ्याचे देणे असे की, त्याचे पीक रोह्यांनी वा रानडुकरांनी तुडविले, तर त्यास प्राण्यांवर प्रेम करण्याचा उपदेश करू नये. वनखात्याकडून अशा नुकसानीची भरपाई मिळते. तिचा अर्ज लिहून द्यावा, पंचनाम्याच्या वेळी त्याच्या बांधावर उभे राहावे, आणि एखादी रात्र त्याच्याबरोबर जागावे. जे कुटुंब इतके करील, त्याने पळसाखाली खुशाल बसावे. त्याचा आनंद कोणाच्या ताटातून काढून घेतलेला असणार नाही.