अठ्ठ्याहत्तर ग्रॅम

साबण करायचा तो मी पहाटेच करते. मुलं झोपलेली असतात, म्हणून. कॉस्टिक सोड्याचं पाणी डोळ्यात उडालं तर दृष्टी जाऊ शकते. त्या वेळी ओट्यापाशी लुडबुड नको. चष्मा, हातमोजे आणि स्टीलचं पातेलं. अॅल्युमिनियमचं चालत नाही, सोडा ते खातो.

अर्धा किलो खोबरेल तेलाचा पुरता साबण व्हायला साधारण ९१ ग्रॅम सोडा लागतो. मी ७८ ग्रॅमच घेते. काट्यावर शेवटचे दाणे चमच्याच्या टोकाने सोडताना श्वास आपोआप रोखला जातो. मग हा सोडा पाण्यात घालायचा, थोडाथोडा. सोड्यावर पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. खाली आच नसताना पाणी चटका बसेल इतकं तापतं. ते निवलं की तेलात घालून ढवळत राहायचं. पळीवरून पडलेल्या थेंबाची रेघ वर टिकली, की साच्यात ओतायचं.

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनच्या एका कण्याला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. सोडा हे तिन्ही सांधे तोडतो. सुटलेली मेदाम्लं सोडियमला धरतात, तो साबण. ग्लिसरीन मोकळं होतं. राखेच्या पाण्यात चरबी उकळून माणूस हजारो वर्षं साबण करत आला, पण आत तेल फुटतं आणि नवे पदार्थ घडतात, हे नीट उलगडलं ते फ्रान्सच्या मिशेल शेव्ह्रल यांनी. त्यांचा ग्रंथ १८२३ सालचा.

मोठे कारखाने बहुधा हे ग्लिसरीन काढून घेऊन वेगळं विकतात. घरच्या वडीत ते राहतं, आणि ते राहावं असंच मला वाटतं.

आणि ते कमी घेतलेले तेरा ग्रॅम? सोडा सगळा संपावा, तेल थोडं उरावं, एवढ्यासाठी. उलट झालं तर वडी दिसायला तशीच पांढरीशुभ्र, पण हात जाळेल. वापरणाऱ्याला ते कळायचा मार्ग नसतो. ते माझ्या काट्यावरच ठरतं. म्हणून मी वजन दोनदा करते, घाई असली तरी.

महिनाभर फडताळात सुकलेल्या मागच्या घाण्यातली वडी आज बाहेर काढली. धाकटीने तिनेच हात धुतले आणि पोळी खायला बसली.