पहिलं गिऱ्हाईक

दहावीचा निकाल लागला की दोन-तीन आठवडे आमच्यासारख्यांना भाव येतो. 'दहावीनंतर पुढे काय?' असा फलक, टेबलावर मळका प्लास्टिकचा हार घातलेली सरस्वती, हातात गुलाबाचं फूल आणि समोर सतरंजीवर चुळबुळणारी मुलं. गेली सात-आठ वर्षं मी अशी भाषणं करत आलोय. यंदाही कोल्हापुरातल्या एका शाळेत बोललो. सगळ्यांनीच डॉक्टर-इंजिनिअर व्हायचं कारण नाही, हाताला कसब असलेला माणूस उपाशी राहत नाही, आयटीआय म्हणजे कमीपणा नव्हे, श्रमाला प्रतिष्ठा हवी, असं सगळं. टाळ्या चांगल्या पडल्या.

चहा झाल्यावर फाटकापाशी एक पालक थांबले होते. शिवाजी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत ते मोल्डर आहेत. मुलाला ७१ टक्के मिळालेत. त्यांनी अदबीनं विचारलं, "सर, तुमच्या घरात कुणी आयटीआय केलंय का?"

नाही म्हणालो.

"न्हाई, चेष्टा करत न्हाई. आपलं इचारलं. या एकदा कारखान्यावर."

त्यांना ठाऊक नव्हतं ते इथं सांगून टाकतो. त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचा फोन आला होता. भाच्याला ५८ टक्के. पोरगा दिवसभर मोटारसायकल उघडून बसतो, अंगणात तेलाचे डाग पाडतो, पुस्तकाचं नाव काढलं की तोंड पाडतो. मी तिला म्हणालो होतो, "कॉमर्सला घाल. निदान बीकॉम तरी होऊ दे." निदान आणि तरी, असे दोन्ही शब्द एकाच वाक्यात. शाळेतल्या भाषणात मात्र मी हे दोन्ही शब्द वापरले नव्हते.

कारखान्यावर गेलो. पत्र्याची शेड, तिच्यात काळ्या रेतीचे ढीग आणि ओळीनं मांडलेल्या लोखंडी पेट्या. फाटकापाशी भेटलेल्या त्या मिस्त्रींनी (नाव छापू नका म्हणाले) ढिगातली मूठभर रेती घेतली, घट्ट आवळली आणि तळवा उघडला. बोटांचे ठसे उमटलेला लांबट गोळा तयार झाला होता. तो त्यांनी मधोमध मोडला. दोन तुकडे झाले, कडा सुरीनं कापल्यासारख्या. "झालं पाणी बराबर." मग मला करायला सांगितलं. मी चांगला जोर लावून मूठ आवळली, तरी गोळा मोडताच निम्मी रेती बुटावर सांडली. ढीग तोच, रेती तीच. मी रेती नुसती दाबली होती. त्यांनी दाबता दाबता ती वाचली होती.

रेतीत पाणी जास्त झालं, की तापलेलं लोखंड आत पडताच त्याची वाफ होते आणि ओतीव मालात भोकं राहतात. कमी पडलं तर साच्याची कड ढासळते. ते भोक कधीकधी ओतकामाच्या दिवशी दिसतही नाही. पुढं दुसऱ्या कारखान्यात लेथवर माल चढवला की उघडं पडतं, आणि सगळा मालच भंगारात जातो. आता मोठ्या कारखान्यांत रेतीची ओल मोजायला यंत्रं आहेत, प्रयोगशाळा आहेत. छोट्या शेडमध्ये अजून ही मूठच आहे.

"हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"शिकवतंय कोण! सातवीतनं आलो. पयलं वरीसभर रेती चाळली आणि चहा आणला. वस्ताद काय सांगायचा न्हाई. चुकलं की हातावर फटका. बघून बघून आलं."

म्हणून जुन्या उमेदवारीचे फार गोडवे गाऊ नयेत. तिच्यात फटके होते, फुकटची राबणूक होती, आणि शेवटची खुबी स्वतःजवळ ठेवून मरणारे वस्तादही होते. शब्द मात्र फार सुंदर आहे. उमेदवार म्हणजे उमेद धरून बसलेला. पूर्वी कचेरीत पगाराविना खर्डेघाशी करत, पुढंमागं जागा मिळेल या आशेवर दिवस काढणाऱ्याला उमेदवार म्हणत. आता तो शब्द निवडणुकीनं पळवलाय. शिकणाऱ्या पोराकडं फक्त 'शिकाऊ उमेदवार' एवढा सरकारी तुकडा उरला आहे. पण दुसऱ्याला उमेद धरायला लावणं ही जबाबदारीची गोष्ट आहे. तू हे शीक, तुझं बरं होईल, असं म्हणणारा माणूस एका परीनं हमीदार होतो. मी सात-आठ वर्षं हमी देत सुटलो होतो, आणि एकाही कागदावर माझी सही नव्हती.

हे लिहिताना कोल्हापूरकराला गंगाराम कांबळ्यांची आठवण न येणं अवघड आहे. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, तरी तिच्यातला एक बारकावा निसटतो. गंगाराम संस्थानच्या चाकरीत होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. शाहू महाराजांना हे कळल्यावर मारणाऱ्यांना शिक्षा झाली. गंगारामांना त्यांनी स्वतःचा धंदा काढायला सांगितलं, भांडवल दिलं, आणि भाऊसिंगजी रोडवर चहाचं हॉटेल निघालं. इथवर आजच्या कुठल्याही योजनेत बसेल अशी हकिगत आहे. मार्गदर्शन झालं, अर्थसाहाय्य झालं, लाभार्थी उभा राहिला, फोटो निघाला.

पण दलिताच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराजांनी आपली गाडी त्या हॉटेलासमोर उभी करायला सुरुवात केली. गंगारामांकडून चहा मागवायचा, स्वतः प्यायचा आणि बरोबरच्या बड्या मंडळींच्या हातातही कप द्यायचा. महाराजांनी समोर धरलेला कप नाकारणार कोण? दुसऱ्याला धंदा सुचवणारा माणूस त्या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक झाला. चहाचे पैसे किरकोळच असतील. खर्ची पडली ती राजाची इभ्रत, आणि ती त्यांनी रस्त्यावर, चारचौघांसमोर खर्च केली.

त्यांच्या बाकीच्या कामातही हीच रीत दिसते. आपल्याकडं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी झाली. कृषी, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशी सात क्षेत्रं होती आणि मुलाचा ओढा कुठं आहे ते छापील कागदावर यायचं. उपक्रम वाईट नव्हता. पण त्या कागदावर 'ललित कला' असं आलेल्या भुदरगडच्या मुलीनं शहरात राहायचं कुठं आणि जेवायचं कुठं, हे तो कागद सांगत नव्हता. महाराजांनी सुरुवातच या टोकाकडून केली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांची वसतिगृहं निघाली आणि मग एकेका समाजाची निघत गेली. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम निघाला, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड बसला. पोराची आवड काय हे विचारण्याआधी त्याच्या पथारीची सोय बघितली.

याच गावात उमेदवारीचा आणखी एक नमुना घडला, आणि तो मला फौंड्रीच्या जास्त जवळचा वाटतो. आनंदराव आणि बाबूराव हे मिस्त्री घराण्यातले चुलतभाऊ. पडदे रंगवता रंगवता लोक त्यांना पेंटर म्हणू लागले. सिनेमाच्या वेडानं दोघांनी यंत्रांशी झटापट सुरू केली. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी नेट धरला आणि विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं कॅमेरा इथंच घडवला. तानीबाई कागलकर या गायिकेनं भांडवल दिलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. कंपनीत कुणी एकच काम करत नसे. रंग कालवायचा, सुतारकाम करायचं, फिल्म धुवायची आणि वेळ पडली तर तोंडाला रंग लावून उभं राहायचं. तिथं पडेल ते काम करायला शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगा आला. दामले आणि फत्तेलाल होतेच.

१९२९ मध्ये हे तिघं आणखी दोघांना घेऊन बाहेर पडले आणि त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' ही फिल्म कंपनी काढली. पुढं दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' व्हेनिसच्या महोत्सवात नावाजला गेला. बाबूरावांची कंपनी मात्र थोड्याच वर्षांत बंद पडली. शिष्य गेले तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, ते आपण आपल्या मनानं रंगवू नये. पण हातचं राखून शिकवलं असतं, तर या मंडळींना वर्षानुवर्षं पदरी ठेवणं सोपं गेलं असतं. शिकवणाऱ्याच्या खिशाला लागलेली झळ हे खऱ्या शिकवण्याचं एक लक्षण असावं, असं माझं आपलं मत.

कोल्हापूरच्या कसबाची गोष्ट निघालीच आहे, तर आता चपलेबद्दल. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडानं तशाच चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपण खवळलो. 'आमची' चप्पल, 'आमची' कला. मीसुद्धा दोन-चार ठिकाणी तावातावानं बोललो. तो राग खरा होता, पण 'आमची' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी आपला पोरगा त्या कारागिराच्या शेजारी चामडं कापायला बसवला? बहुतेक ते काम ज्या समाजाकडं होतं त्याच समाजाकडं राहिलं. अभिमान मात्र सगळ्यांनी वाटून घेतला. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवलेत. त्या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार यांच्याकडं जाऊन काम बघावं आणि करावं. कल्पना मला आवडते. फक्त त्या दहा दिवसांत सुताराच्या पोरानं कुणाकडं जावं? त्यानं ते दहा दिवस वकिलाच्या ऑफिसात काढावेत, असं कुणाला सुचलेलं दिसत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग प्रांताशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, आणि मग गंमत झाली. इलेक्ट्रिशियन, प्लंबर हे शब्द एकदम चांगल्या घरांत उच्चारले जाऊ लागले. काम तेच, पाईपही तेच. बदलला तो पासपोर्टावरचा शिक्का.

कायद्याचं म्हणाल तर तो कागदावर बरा आहे. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा म्हणतो की उमेदवार हा कामगार नव्हे, शिकणारा आहे. त्याच्याशी करार करावा लागतो. वयाची अट चौदा वर्षांची, धोक्याच्या कामासाठी अठरा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला असे उमेदवार घेणं बंधनकारक झालं आणि आयटीआय झालेल्याचं किमान विद्यावेतन महिना ७ हजार ठरलं. पण 'शिकणारा' या एका शब्दाच्या आडून पुष्कळ काही करता येतं. कुठं वर्षभर फक्त माल उचलायला लावतात, आणि वर्ष संपलं की जुना उमेदवार जातो, नवा येतो. पोराला वर्षाअखेरीस मूठ आवळून रेती ओळखता येते की नाही, हे तपासणारं कलम कुठल्या कायद्यात घालणार?

मिस्त्रींना मी हे विचारलं. त्यांनी सरळ उत्तर दिलं नाही. त्यांचा मुलगा डिप्लोमाला जातोय, मेकॅनिकलला. "भट्टीवर त्याला आणायचा न्हाई. माझ्या छातीत धूळ बसलीया, त्याच्या कशाला बसवू?" मग बराच वेळ ते पेटीच्या कडेवरची सांडलेली रेती ब्रशनं झाडत राहिले. "पर सर, ह्ये हातातलं कुणाला द्यायचं, सांगा की. नवीन पोरं टिकत न्हाईत. आणि मालकाला वाटतंय, मी हाय तवर हाय."

मला उत्तर सुचलं नाही. पण तोंडातून निघून गेलं, "माझा एक भाचा आहे. यंत्रांचं वेड आहे त्याला." मिस्त्री थांबले. माझ्याकडं नीट बघितलं, मी फाटकापाशी दिलेलं उत्तर तपासून बघावं तसं. "वय किती?" "सोळा." "मग आता भट्टीपाशी न्हाई घेता यायचा. आदी आयटीआयला घाला, कळंब्याला. दोन वरसानं बघू. पर त्याच्याआदी एकदा नुसतं दाखवायला आणा. पोरग्याला वास आवडतोय का बघू द्या."

त्या रात्री बहिणीला फोन केला. बीकॉमचा सल्ला मागं घेतो म्हणालो. ती काही वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा, लोक काय म्हणतील ते सोड. पण तुझा स्वतःचा मुलगा असता तर?" त्या महिन्यात हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता.

परवा मिस्त्रींचा फोन येऊन गेला. "सर, भाचा आला न्हाई अजून." प्रवेशाच्या फेऱ्या चालू आहेत, वगैरे मी काहीतरी सांगितलं. लगेच बहिणीला विचारलं. ती म्हणाली, "त्याला सांगितलंय मी. तो म्हणतोय, मामा बरोबर येणार असेल आणि तोही हात काळे करणार असेल, तर येतो."

मी अजून दिवस कळवलेला नाही.