सोवळं कशाचं?



गेल्या वर्षी आमच्या दादांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. शौचातून रक्त जात होतं. पण मूळव्याध असेल असं समजून, आणि खरं म्हणजे लाजेपायी, त्यांनी आठ महिने कुणाला सांगितलं नाही. ऑपरेशन झालं. आता पोटावर पिशवी असते, मल तिच्यात जमतो. चाळीस वर्षं दत्तजयंतीचा सप्ताह करणारे दादा म्हणाले, "आता मला सोवळं कसलं? पोथीला हात लावणार नाही."

मी बँकेतला कारकून, शास्त्र मला कळत नाही. पण दादांच्या पिशवीत जे आहे तेच माझ्याही पोटात आहे. मग मी तेवढा सोवळ्यात कसा?

श्रीगुरुचरित्राच्या तेराव्या अध्यायात पोटशूळाने गांजलेला ब्राह्मण गोदावरीत जीव द्यायला निघतो. महाराज त्याला थांबवतात, सायंदेवांच्या घरी पोटभर जेवू घालतात. रोग्याला त्यांनी दूर लोटलं नाही. मग आपण कोण?

हे मी दादांना बोललो. "लाजेनं आठ महिने नेले, आता पोथीही न्यायची का?" ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी स्नान करून चौरंग पुसायला बसले.

यंदा दादा वाचणार, आम्ही ऐकणार.