न जाणतां केलेला घात

अंधारांत चालतां चालतां एका मनुष्याच्या धक्क्यानें विहिरीवरील फळी सरकली, आणि पहांटे दुसरा कोणी तींत पडला, तर पहिल्यास आपण घातकी म्हणूं काय? बहुतेक वाचक नाहीं म्हणतील. परंतु फळी सरकल्याचें कळूनही तो घरीं जाऊन निजला असेल, तर आपलें उत्तर पालटेल. सांथीच्या रोगांत हाच प्रश्न उभा राहतो, आणि तेथें तो इतका सोपा नाहीं.

सन १९१८ च्या जूनमध्यें मुंबई बंदराकडे इन्फ्ल्युएंझा दिसूं लागला. पहिली लाट सौम्य होती. ती ओसरली तेव्हां लोक म्हणाले, गेली एकदाची पीडा! सप्टेंबरांत तोच रोग उग्र होऊन परतला. ६ आक्टोबर या एकाच दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यु नोंदले गेले. आगगाडीच्या वाटेनें तो गांवोगांव पोंचला. त्या सालीं पाऊस फसून धान्य महागलें होतें, आणि मेले ते विशेषेंकरून वीस ते चाळीस वर्षांचे, घरचे कमावते. सर्व हिंदुस्थानांत १ कोटीहून अधिक माणसें गेलीं.

लाट चढते कां आणि उतरते कां? एक रोगी दोघांस रोग देतो, ते दोघे चौघांस. अशा दहाव्या पायरीस संख्या १,०२४ होते. पण ज्यांस रोग होऊन गेला त्यांस बहुधा कांहीं काळ तो पुन्हां जडत नाहीं, भ्यालेले लोकही एकमेकांकडे जात नाहींत. मग एका रोग्यामागें एकाहून कमी नवा रोगी होतो व लाट उतरते. उतरते, विझत नाहीं. राखेखालीं निखारा असतोच. ऋतु बदलला, गर्दी जमली, किंवा विषाणूनें रूप पालटलें, कीं पुन्हां भडका! कोरोनाच्या सांथींत भारतांत सप्टेंबर २०२० मध्यें दिवसाला ९० हजारांवर नवे रोगी नोंदले जात. फेब्रुवारी २०२१ मध्यें कित्येक दिवस ते १२ हजारांच्याही खालीं आले. आणि मे महिन्यांत ४ लाखांवर गेले. मधल्या त्या शांत महिन्यांत किती लग्नें धुमधडाक्यानें लागलीं, हें वाचकांस आठवत असेल.

आतां दोषाचा विचार करूं. १९१८ सालीं मुंबईहून भिऊन गांवीं परतणाऱ्या गिरणीमजुरास मी दोष देणार नाहीं. मनुष्यांतील या रोगाचा विषाणु १९३३ सालीं सांपडला. त्या मजुरास ठाऊक होती ती आपल्या आईची ओढ. २०२० सालीं मात्र ताप येण्यापूर्वींच मनुष्य रोग वाहतो हें आपणांस कळलें होतें. तेव्हां "मला कांहीं झालेलें नाहीं" हें उत्तर पुरेसें राहिलें नाहीं. ज्ञान वाढलें तसें ऋण वाढलें.

परंतु तें ऋण सर्वांनीं सारखेंच फेडावें काय? ज्याच्या घरीं पायलीभर जोंधळा नाहीं, त्या रोजंदारीच्या मनुष्यास "दहा दिवस घरीं बैस" म्हणणारा जर त्याच्या दारीं भाकरी पोंचवीत नसेल, तर त्या मजुराच्या दोषांत सांगणाऱ्याचाही वांटा आहे. माझ्या मतें मोठा वांटा.

याहून अवघड अशी आणखी एक गोष्ट आहे. दोष तरी कधीं कधीं दिसतो. संयमाचें फळ दिसतच नाहीं. जो भाऊ लाट ओसरली असतांही खोकला येतो म्हणून भाचीच्या लग्नास गेला नाहीं, त्यास कोणीही दाखवूं शकत नाहीं कीं मांडवांतील अमुक म्हातारी तुझ्यामुळें वांचली. कदाचित् त्याचा खोकला साधाच असेल. त्याच्या पदरीं पडतें तें बहिणीचें रुसणें, आणि तें मात्र वर्षभर टिकतें.